केनवडच्या मिलवरचं एक वाक्य

रिसोड
८ सप्टेंबर २०२५

प्रिय वैजू,

जय जिनेंद्र. राग उरला असेल तर तो जवळ घेऊनच वाच, पण वाच.

आज आमची क्षमावाणी. दशलक्षणाचे उपास, एकासनं आटोपली, सकाळी मंदिरात सगळ्यांनी एकमेकांना हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हटलं, आणि घरी आल्याबरोबर मी तुला पत्र लिहायला बसले. कारंज्याच्या शाळेत आठवीत असताना तुला पहिलं क्षमावाणीचं पत्र लिहिलं होतं, आठवतं? तुझ्या कंपासपेटीतलं कर्कटक माझ्या हातून मोडलं होतं. तू ते पत्र वाचून म्हणालीस, "चांगली रीत हाये तुमची, मोडायचं आन पत्र लिहायचं!" तेव्हापासून मी एक वर्षही चुकवलं नाही. लग्न होऊन मी रिसोडला आले, तू केनवडला गेलीस, मोबाइल आले, तरी हे पत्र हातानेच. यंदा तर दुसरा रस्ताच नाही, कारण तू माझा नंबर ब्लॉक करून ठेवला आहेस.

तर वैजू, गेल्या वर्षभरात जाणता-अजाणता, मनाने, वाचेने, कायेने माझ्याकडून तुझं मन दुखावलं असेल, तर मी अंतःकरणापासून क्षमा मागते.

आता इकडचं सांगते. तू जूनमध्ये डाळ मिल सोडून गेलीस तेव्हापासून तिथलं काम हेमसिंग पाहतो. माणूस चांगला आहे, पण बायका त्याला जुमानत नाहीत. त्याने चहा सांगितला तर त्याच्यासमोर बसून दोन दोन कप पितात आणि तूर तशीच. तुझ्या एका हाकेत जे होत होतं ते त्याच्या दहा हाकांत होत नाही. मशीनला नवा पट्टा आणला, पट्ट्यावर नवी जाळीही बसवली. तुझ्या जाऊबाईंची जखम भरली असं ऐकलं. मी येणार होते भेटायला, पण राहून गेलं.

आणि एक आनंदाची बातमी. महिला नेतृत्वाच्या शिबिरासाठी आपल्या जिल्ह्यातून माझी निवड झाली. ऑक्टोबरमध्ये पुण्याला जायचं आहे. पंधरा वर्षांपूर्वी तू आणि मी बायकांच्या दारोदार फिरून ही शेतकरी बायकांची कंपनी उभी केली, तेव्हा आपल्याला नेतृत्व हा शब्द तरी ठाऊक होता का ग?

अठ्ठावीस तारखेला कंपनीची वार्षिक सभा आहे, मिलच्याच आवारात. ये. सासूबाई रोज विचारतात, "केनवडवाली काहून येत नाई आता?" मी काय सांगू त्यांना?

तुझीच,
त्रिशला

---

केनवड
१४ सप्टेंबर २०२५

त्रिशला,

पत्र मिळालं. क्षमा कशाची मागितलीस ते मात्र त्यात कुठे सापडलं नाही. दोनदा वाचलं. 'दुखावलं असेल तर' असं लिहिलं आहेस. असेल तर! तुला खरंच माहीत नाही का काय झालं? मग मी सांगते, नीट ऐक.

मे महिन्यात मिलचा पट्टा घसरायला लागला. दर तासाला जाळी काढा, पट्टा चढवा, जाळी लावा. शेवटी हात वाचवणारी ती जाळी काढूनच ठेवली. तू अध्यक्ष, म्हणून मी तुला फोन केला, म्हटलं, त्रिशला, नवा पट्टा येईपर्यंत मिल बंद ठेवते. तू काय म्हणालीस? "नागपूरचा माल गेल्याशिवाय बंद करू नको. दोन दिवस तशीच चालव, वैजू, माझ्यासाठी." तुझ्यासाठी म्हणून मी चालवली. दुसऱ्या दिवशी पंचफुलाबाई मशीनच्या तोंडाशी तूर टाकायला बसली, पदर सावरायला तिने हात वळवला आणि हात पट्ट्यात गेला. वाशीमच्या दवाखान्यात उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. ती माझी जाऊ आहे, त्रिशला. आमच्या दोन घरांत एक भिंत आहे फक्त.

हे झालं ते झालं. यंत्राजवळ अपघात होतात. ते मी तुझ्या माथी मारत नाही. पण जूनच्या बैठकीत मिलवरच्या रूपलाबाईने उभं राहून विचारलं, "जाळी नसतानी मशीन चालू ठेवाले कोनं सांगतलं व्हतं?" मी तुझ्याकडे पाहिलं. माझी खात्री होती, तू बोलशील. तू माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. खुर्चीत सरळ बसून म्हणालीस, "मिलवरचा निर्णय मिलवरच्या माणसाचा असतो."

हे एवढंच वाक्य. तेवढ्यात सगळ्या बायकांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी तेव्हाच का ओरडले नाही असं माझ्या नवऱ्याने विचारलं. काय ओरडायचं? शाळेपासूनची मैत्रीण चारचौघांत खोटं बोलते असं? घरी आल्यावर पंचफुलाबाईला सांगितलं, तर ती म्हणाली, "मिलवर तर तूच व्हती ना, वैजे?" आणि दार लावून घेतलं. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही. पोरं इकडे येतात, ती येत नाही. मी विहिरीवर गेले की बायका बोलायच्या थांबतात. माझ्या जावेची बोटं मी माल वेळेवर पाठवायला घालवली, असं गावात म्हणतात.

म्हणून मला तुझी उत्तम क्षमा नको. मला एक वाक्य हवं आहे. अठ्ठावीसच्या सभेत, पंचफुलाबाई समोर बसलेली असताना, उभी राहून म्हण, "मशीन चालू ठेवायला मी सांगितलं होतं." बाकी भाषण करू नको. रडूही नको. तेवढं म्हणालीस तर मी तुझी सगळी पत्रं मान्य करीन, आठवीपासूनची.

नेतृत्व शिकायला पुण्याला जाते म्हणतेस. त्याआधी केनवडला ये.

वैजयंती

---

रिसोड
१९ सप्टेंबर २०२५

वैजू,

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. अजितकुमारांनी दुकानातून आल्यावर विचारलं काय झालं, मी डोकं दुखतं म्हटलं.

तू म्हणतेस ते खरं आहे. सगळं खरं आहे. फोनवर मी तसंच बोलले होते आणि बैठकीतही तसंच बोलले. तेव्हा मला वाटलं, अध्यक्षाकडे बोट गेलं तर नागपूरवाले माल घेणं बंद करतील, कंपनी मोडेल, तीनशे घरांचं काय होईल? आपण इतक्या कष्टाने उभं केलेलं एका दुपारी जाईल? तुझं म्हणशील तर मी मनात म्हटलं, वैजू मला समजून घेईल, ती माझीच आहे. आपल्या माणसावर भार टाकायला मन कचरत नाही ग. परक्यावर टाकताना दहा वेळा विचार केला असता.

सासूबाईंना सांगितलं थोडंसं. त्या म्हणाल्या, "क्षमा मांगली ना? मंग आता उकरून कायले काढतं?" आमच्याकडे असंच आहे, वैजू. क्षमावाणी झाली की मागचं बोलायचं नाही. लहानपणापासून त्याच्यावरच वाढले, म्हणून मला वाटलं, पत्र लिहिलं म्हणजे झालं. तुझ्याकडे तसं नाही, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

मी बोलेन. अठ्ठावीसला सगळ्यांसमोर बोलेन. तू ये, पहिल्या रांगेत बस, जाऊबाईंनाही आण. तू समोर असलीस की मला बळ येतं, हे तुला माहीत आहे.

त्रिशला

---

केनवड
२९ सप्टेंबर २०२५

त्रिशला,

काल सभा झाली. तू होतीसच, तरी मी काय पाहिलं ते लिहिते, म्हणजे पुढे तुला विसर पडायला नको.

पंचफुलाबाईला मी आणलं. तीन महिन्यांनी तिच्या दाराची कडी वाजवली. म्हटलं, "बाई, आज चला. आज त्रिशला खरं सांगनार हाये." तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, लुगडं बदललं आणि आली. आम्ही दोघी पहिल्या रांगेत बसलो, तू सांगितलंस तसं. बँकेचे साहेब होते, वाशीमहून आलेल्या मॅडम होत्या. तू उठलीस, माइक हातात घेतलास, माझ्याकडे पाहिलंस. मी मनात म्हटलं, बोल.

तू बोललीस. "मे महिन्यात आपल्या मिलवर एक दुर्दैवी घटना घडली." इथवर ठीक. "आमच्या धर्मात क्षमेला फार मोठं स्थान आहे." मग म्हणालीस, "वैजयंतीताईंकडून जे झालं ते आज आपण सगळ्या जणी मोठ्या मनाने विसरू या. त्यांनी या कंपनीसाठी पंधरा वर्षं दिली आहेत. आपण त्यांना क्षमा करू या."

टाळ्या वाजल्या, त्रिशला. तीनशे बायकांनी मला क्षमा केली. वाशीमच्या मॅडमनी डोळे पुसले. मग तू शाल मागवलीस आणि ती कोणाच्या हातून घालायला लावलीस? पंचफुलाबाईच्या. तिच्या उजव्या हातात शाल धरवत नव्हती, घसरत होती, तुझ्या बाजूच्या बाईने दुसरं टोक धरलं. फोटो निघाले.

मी शाल घेतली. हात जोडले. खाली बसले. नवऱ्याने काल रात्रभर डोकं खाल्लं, तिथंच काहून नाई फाडली? मी तेव्हा ओरडले असते तर काय झालं असतं सांग. ही बाई क्षमा करायच्याही लायकीची नाही, असं म्हणत सगळ्या घरी गेल्या असत्या. तू मला हलताच येणार नाही अशा जागी नेऊन बसवलंस, तेही शाल घालून.

जूनमध्ये तू मला वाऱ्यावर सोडलंस, ते भीतीपोटी असं मी समजत होते. कालचं काय समजू? घरी येताना पंचफुलाबाई एकच बोलली, "हेच खरं सांगनार व्हती का तुयी मैतरीन?"

शाल पोस्टाने परत पाठवली आहे. तुझ्या धर्माला मी नावं ठेवत नाही. त्यात हे नाही, एवढं मलाही कळतं.

वैजयंती

---

पुणे
११ ऑक्टोबर २०२५

प्रिय वैजू,

सभेनंतर तुला लिहायचं धाडस झालं नाही. शाल मिळाली. ती उघडलीसुद्धा नाही, कपाटात तशीच ठेवली.

त्या दिवशी माझ्या तोंडात तेच वाक्य होतं, देवाशपथ. रिसोडहून येताना गाडीत मी ते मोठ्याने म्हणून पाहिलं होतं. पण उभी राहिले आणि समोर बँकेचे साहेब दिसले, मागे भिंतीवर आपल्या कंपनीची पाटी दिसली, आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं. एकदा सुरू झालं की थांबवता येईना. बोलता बोलता मलाच ते चांगलं वाटायला लागलं, हे सगळ्यात वाईट. मला खरंच वाटलं, अशाने तुझ्याबद्दलचं किल्मिष निघून जाईल, बायका पुन्हा तुझ्याशी बोलतील. तुझं पत्र आल्यावर कळलं मी काय करून बसले.

पण आज मी हे सांगायला लिहीत नाहीये. आज इथे काय झालं ते ऐक.

शिबिराचा आज चौथा दिवस. इथल्या बाई फार वेगळ्या आहेत, मोठ्या मोठ्या कंपन्यांत शिकवतात. त्या म्हणाल्या, नेता मोठा कधी होतो, तर तो आतून बाहेरून सारखा होतो तेव्हा. मग प्रत्येकीने उभं राहून आपण लपवलेली एक चूक सांगायची, असं ठरलं. कोणी नोकरीतलं सांगितलं, कोणी सुनेबद्दल. माझी पाळी आली. आणि मी बोलले, वैजू! "मशीन चालू ठेवायला मी सांगितलं होतं, आणि माझ्या सहकारी मैत्रिणीवर मी ते ढकललं." जसंच्या तसं. दोनशे बायका होत्या. मी रडले, आणि मग सगळ्या उभ्या राहिल्या, टाळ्या वाजवत. बाईंनी मला जवळ घेतलं. म्हणाल्या, एवढं धैर्य त्यांनी फार कमी पाहिलं. त्याचं चित्रणही झालं, पुढच्या शिबिरात दाखवणार आहेत. तुझं नाव मी घेतलं नाही, काळजी करू नको.

किती हलकं वाटतंय सांगू! जूनपासून पहिल्यांदा पोटभर जेवले. मी बोलले, वैजू. शेवटी बोलले. आता तरी राग सोडशील ना?

तुझी,
त्रिशला

---

केनवड
२७ ऑक्टोबर २०२५

त्रिशला,

दिवाळी झाली, सोयाबीन निघालं, मग लिहायला बसले.

पुण्याच्या दोनशे बायकांपैकी कितींची बोटं पट्ट्यात गेली होती? मला खरंच विचारायचं आहे. तू क्षमा मागायला केनवड सोडून पुणे गाठलंस, जिथं तुला कोणी ओळखत नाही, जिथं बोलल्याने तुझा केससुद्धा वाकडा होणार नाही. वर टाळ्या घेतल्यास. माझी बदनामी गावात, आणि तुझा खरेपणा हॉलमध्ये. मैत्रिणीने फसवलं तर दुखतं, पण फसवून झाल्यावर तिने आपल्याच दुखण्यावर कौतुक करून घेतलं, त्याला काय म्हणतात ते मला माहीत नाही.

तरी खरं सांगते, पत्र वाचून मी आतून हरखले. म्हटलं, आता ते वाक्य जसंच्या तसं हिच्या अक्षरात आलं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पत्र घेऊन पंचफुलाबाईकडे गेले. ती ओसरीत बसून डाव्या हाताने तूर निवडत होती. सभेच्या दिवसापासून निदान दार तरी लावून घेत नाही. मी पत्र वाचून दाखवलं, तुझं वाक्य दोनदा वाचलं. म्हटलं, "पाहा बाई, आता तरी पटलं?" मला वाटलं होतं ती रडेल, माझ्या पाठीवर हात ठेवेल. माझं मन त्या हातासाठी केव्हाचं थांबून होतं.

तिने सूप खाली ठेवलं. म्हणाली, "म्हंजे जाळी नाई हे तिले मालूम व्हतं. तुले मालूम व्हतं. तुमी दोघी फोनवर बोलल्या. मंग मले कोनं सांगतलं?"

मी म्हटलं, "बाई, जाळी तर खालीच पडली होती, दिसत होती."

"मी तूर पाहून राह्यलती. मले वाटलं, वैजी उभी हाये ना. वैजीनं बटन दाबलं म्हंजे ठीकच असन. तिच्यावर तू भरोसा टाकला, तुयावर मी टाकला. तू पाच म्हैने तुयंच रडून राह्यली. मायं कोन रडनार?"

त्रिशला, पाच महिने मी हेच घोकत होते की मला विकलं, मला एकटं पाडलं. ते खोटं नाही, आणि तुझ्या वाट्याचं त्याने तीळभर कमी होत नाही. पण मी तिला एकदाही म्हटलं नव्हतं की बाई, बटन मी दाबलं. मी सांगत होते फक्त 'तिनं सांगितलं'. तू मिलवरच्या माणसावर टाकलंस, मी फोनवरच्या माणसावर टाकत राहिले. मधे बसलेल्या बाईला आपण दोघींनी विचारलंच नाही.

तिचं म्हणणं असं आहे, जसंच्या तसं लिहिते, "दोघीबी मिलवर या. बायाइसमोर बोला. साहेब नको, शाल नको. मंग पाहू." येत्या नऊ तारखेला, रविवारी दुपारी. मी बोलणार आहे, माझ्या वाट्याचं. तुझं मी बोलणार नाही. ते तुलाच बोलावं लागेल.

हे शेवटचं बोलावणं समज.

वैजयंती

---

रिसोड
२ नोव्हेंबर २०२५

वैजू,

येते. अजितकुमार म्हणाले, आधी वकिलाला विचारू, अध्यक्षाने असं लेखी-तोंडी काही कबूल करायचं नसतं. मी त्यांना नाही म्हटलं. घरात पहिल्यांदा इतक्या मोठ्याने नाही म्हटलं, आमचा अर्हम अभ्यासावरून उठून बघायला आला.

एकटीच येईन. या वेळी चुकणार नाही.

त्रिशला

---

केनवड
१० नोव्हेंबर २०२५

त्रिशला,

काल आम्ही मिलच्या आवारात ताडपत्री टाकली होती. खुर्च्या ठेवल्या नव्हत्या, पंचफुलाबाईने नको म्हटलं. मिलवर काम करणाऱ्या सगळ्या आल्या, हेमसिंगही दाराशी उभा होता. रूपलाबाई पुढेच बसली. तुझी वाट पाहिली. मग पंचफुलाबाई म्हणाली, "तू तर सुरू कर."

उभी राहिले तेव्हा मला कळलं की हे किती कठीण असतं. पुण्याचं नाही म्हणत मी, इथलं म्हणते. समोर चेहरा असतो. तिचा उजवा हात मांडीवर होता आणि माझी नजर दुसरीकडे कुठे जातच नव्हती. मी म्हटलं, "जाळी नाही हे मला माहीत होतं. बटन मी दाबलं. पंचफुलाबाईला मी सांगितलं नाही." एवढंच. टाळ्या वाजल्या नाहीत. कोणी रडलं नाही. रूपलाबाईने विचारलं, "मंग जूनमधी काहून नाई बोलली?" मी म्हटलं, "मले वाटलं, माया वाट्याचं दुसरं कोनी बोलंल." ती म्हणाली, "हे बरं हाये तुमचं," आणि तोंड फिरवलं. तिचा राग गेलेला नाही. पंचफुलाबाईचा गेला का, तेही मला माहीत नाही.

मग तिनेच विचारलं, "आन चालू ठेवाले कोनं सांगतलं?" मी म्हटलं, जिनं सांगितलं तिला बोलावलं आहे, तिनेच सांगावं. सगळ्या फाटकाकडे पाहायला लागल्या.

फाटकाबाहेर बाभळीखाली एक गाडी उभी होती. तुमची नव्हती, भाड्याची होती. बायकांना ओळखू येऊ नये म्हणून असेल. मागची काच अर्धी खाली होती. तू मला दिसलीस, त्रिशला. डोक्यावरून पदर घेतला होतास, हात दाराच्या कडीवर होता. मी बोलायला उभी राहिले तेव्हा गाडी तिथेच होती, म्हणजे माझं सगळं तू ऐकलंस. मी तुझ्याकडे पाहून मान हलवली, ये म्हटलं. अजूनही वाटत होतं ग. शाल परत पाठवली, एवढं कडू लिहिलं, तरी त्या क्षणी मला तू दार उघडायला हवी होतीस. काच वर गेली. गाडी वळली आणि रिसोडच्या रस्त्याला लागली.

मग पंचफुलाबाई उठली, मशीनजवळ गेली, जाळी हाताने हलवून पाहिली. म्हणाली, आजपासून मशीनवर बसणारी 'लाव' म्हणेल तेव्हाच बटन दाबायचं. अध्यक्ष असो, मिलप्रमुख असो, कोणाचा फोन असो. बसणारी नाही म्हणाली तर मिल बंद. बायकांनी हात वर केले. हेमसिंगनेही केला. मला विचारलं, सोमवारपासून येते का. मी हो म्हटलं. प्रमुख म्हणून नाही, तूर वाळवायला.

तुझ्या अध्यक्षपदाचं काय करायचं ते बायका ठरवतील. मी त्यात काही बोलणार नाही. पुढच्या क्षमावाणीला पत्र लिहू नकोस.

पांगताना चंदा माझ्याजवळ आली. नवीन मुलगी आहे, दिवाळीनंतर लागली, तुला तिने कधी पाहिलेलं नाही. तिने विचारलं, "कोन व्हतं वं ताई त्या गाडीत?"

पंचफुलाबाई बाजूलाच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "माया ओळखीचं कोनी नाई."

हे मी तुला वाचवायला बोलले नाही, त्रिशला.

वैजयंती